दीड लिटर जास्त

“आता कामून बोंबलून राहिली ही? गुरुवारीच तर पाजलंय की हिला.”

हे बोलणं आमच्यापैकी कुणाशी नव्हतं. आमचे मालक स्टिअरिंगशी बोलत होते. मी बरोबर त्यांच्या पाठीमागं, मांडीवर पापडाचा डबा घेऊन बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. माझ्या खांद्यावर डोकं टाकून नात साक्षी झोपली होती. पुढं मालकांच्या शेजारी मुलगा शिवशंकर. त्यानंही ऐकलं असणार, कारण त्यानं एकदम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, आणि बाहेर तर नांगरून पडलेल्या काळ्या रानाशिवाय काही नव्हतं.

गाडी मात्र खरंच बोंबलत होती. इंजिन मोठ्यानं घुमायचं आणि गाडी होती त्याच चालीनं चालायची. काही पाहुणे असतात बघा, अर्धा तास “निघालो, निघालो” म्हणतात आणि उंबऱ्यातून हलत नाहीत. तसं चाललं होतं तिचं.

“गुरुवारीच पाजलंय,” मालक परत पुटपुटले.

मी मनात म्हटलं, तुम्ही कुठलं पाजलंय? शुक्रवारी संध्याकाळी मी पाजलंय. पण तोंड उघडलं नाही. तोंड न उघडण्यात आमचं घर तेव्हा तरबेज झालं होतं.

मालक म्हणजे सटवाजी. बोलताना मी अजून त्यांचं नाव घेत नाही, लिहिताना एकदा घेतलं म्हणजे वाचणाऱ्याची सोय होते. लोह्यापासून नऊ किलोमीटर आत आमचं गाव, शेती घरची. मालकांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि जीप चालवली. तीन वर्षांमागं ट्रॉलीवरून पडले, डाव्या मांडीत सळई बसवावी लागली. पाय चालायपुरता बरा झाला, पण क्लच दाबायचं बळ काही त्याच्यात आलं नाही. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हातात गेला. मग वर्षभर हा माणूस ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या लोकांच्या गाड्यांचे गिअर टाकायचा. “आता दुसरा टाक. टाक की बाबा, लई ताणू नको तिला!” गाडीवाला केव्हाच वळणापलीकडं गेलेला असायचा.

शिवशंकर लातूरला राहतो, शिकवणीवर्गात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यानं तिथल्या एका डॉक्टरची जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि बापाच्या दारात आणून उभी केली. हिला क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. त्या दिवशी मालकांनी गावाला सात चकरा मारल्या. मी मोजल्या. सातव्या चकरेला मारुतीपाशी गाडी थांबवून, उगंच काच खाली करून लोकांना विचारत होते, “कुठं सोडू का कुणाला?”

हे सगळं बरं चाललं होतं. मग मागच्या दिवाळीपासून आमच्या घरातनं एक शब्द नाहीसा झाला. विसरणं. विहिरीवरची मोटार रात्रभर चालू राहिली, तर आम्ही म्हणालो, लाईटचाच घोळ असंल. गाडीची चावी ज्वारीच्या कोठीत सापडली, तर मी म्हणाले, उंदरानं नेली असंल. उंदरानं! पण कुणी हसलं नाही. आमची लेक तनुजा दोन दिवसांसाठी आली होती, तिला त्यांनी दोनदा “चांगुणा” अशी हाक मारली. चांगुणा त्यांची बहीण, वारून अकरा वर्षं झाली. तनुजा शहाणी, दोन्ही वेळा “ओ” दिली आणि चुलीपुढं येऊन माझ्याकडं न बघता भाकरी थापत बसली. भाजीत मीठ पडलं नाही तर मी “राहिलं” म्हणायला लागले. तो शब्द घरात काढायचा म्हणजे कुठंतरी पोत्याचं तोंड सोडल्यासारखं होईल, अशी भीती.

आणि अशात साक्षीची शाळा आली.

सुनेची, रेणुकाची, बदली रेणापूरच्या शाळेवर झाली. ती सकाळी साडेसहाला घर सोडणार. शिवशंकरची पहिली बॅच सहाची. नऊ वर्षांच्या पोरीला शाळेत कुणी सोडायचं, यावर फोनवर बोलणं चाललं होतं, तर मालक पाठीमागून म्हणाले, “मी हाय की. आम्ही दोघं येऊन राहताव लातूरला. रोज माझ्या गाडीत नेतो पोरीला.” मग शिवशंकर म्हणाला, “हाव बाबा, बघू.” मालकांनी ‘हाव’ तेवढं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून रोज गाडी पुसायला लागले. साक्षीसाठी मागच्या सीटवर टॉवेल अंथरून ठेवला, “उन्हानं सीट तापती, पोरीला चटका बसंल.”

शनिवारी संध्याकाळी शिवशंकर साक्षीला घेऊन आम्हाला न्यायला आला, तेव्हा मला गोठ्याकडं घेऊन गेला आणि म्हणाला, “आई, उद्या बाबांनाच चालवू दे. मी शेजारी बसतो. लातूरपर्यंत नीट आणली त्यांनी, तर माझ्या मनातलं जाईल. सोमवारपासून साक्षीला तेच नेतील.”

“आणि न्हाई आणली तर?”

“तर चावी माझ्याकडं ठेवतो. कायमची.”

आम्ही दोघं मायलेक गाईच्या पाठीकडं बघत उभे राहिलो. परीक्षा आहे हे ज्याची परीक्षा त्यालाच सांगायचं नव्हतं.

आता तेलाचं सांगते. गाडीच्या गिअरबॉक्समध्ये एक लाल तेल असतं. ऑटोमॅटिक गाडीचे गिअर त्या तेलाच्याच जोरावर चालतात. आमच्या गाडीचं एक सील, म्हणजे जोडावरची रबरी चकती, पाझरत होतं. चाकूरच्या नाक्यावर गुरुपादप्पांचं गॅरेज आहे. माणूस मूळचा उदगीरकडचा, आणि त्या पट्ट्यात अशा गाडीला हात लावणारा एकटाच. बुधवारी मालकांनी त्यांना फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता, मीही ऐकलं. “काका, रविवारी इकडूनच जाणार ना? मी सील बदलून देतो. तोवर निघायच्या आधी अर्धा लिटर लाल तेल टाका. अर्धाच.” हेच गुरुपादप्पांनी शिवशंकरलाही कळवलं होतं.

गुरुवारी मालक लोह्याला जाऊन तेल घेऊन आले. मी त्या दिवशी पापड वाळवत माडीवर होते, त्यांनी काय केलं, काय नाही, मला दिसलं नाही. शुक्रवारी तिन्हीसांजेला मी ओसरीतल्या फळीवर बघितलं, तर बाटली जशीच्या तशी. सील न फोडलेलं. अर्धा लिटरही यांच्या ध्यानात राहिलं नाही, आणि सोमवारी पोरगी यांच्या गाडीत बसणार.

त्यांना विचारता आलं असतं. “अहो, तेल टाकलं का?” चार शब्द. पण विचारणं म्हणजे म्हणणंच झालं. मालक पारावर गेले होते. मी बोनेट उघडलं, मोबाईलच्या उजेडात तेल टाकायची नळी शोधली. ती कुठं असते हे मी हिंदीतला एक व्हिडिओ दोनदा बघून शिकले होते. आणि ओतलं. सगळं. अख्खा लिटर.

अर्धाच म्हणाले होते, माहीत होतं मला. पण अर्धी बाटली फळीवर राहिली तर मालकांना दिसणार आणि कळणार. शिवाय, खरं सांगते, माझा हात लोणच्याचा. लोणच्यावर तेल चार बोटं वर तरंगलं पाहिजे, कमी पडलं तर बुरशी येते. जास्त तेलानं आजवर आमच्या घरात कशाचं काही बिघडलं नव्हतं. रिकामी बाटली मी उकिरड्यात खोल दाबली.

शनिवारी सकाळी मालक त्या फळीपुढं उभे. “सिंधु, इथली बाटली कुठंय?”

“तुम्हीच टाकली नव्हं का गाडीत?” मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं.

“म्या एक टाकली… अर्धी. दुसरी इथं ठिवली व्हती. दोन आणल्या व्हत्या म्या.”

“एकच होती की.”

मला खरंच वाटत होतं, एकच होती. ते फळीकडं बघत राहिले. हातानं फळी पुसली, जिथं बाटली होती तिथंच. मग “आसंल,” म्हणाले आणि गाईला पाणी दाखवायला गेले. मला वाटलं, चला, निभावलं.

तर रविवारी सकाळी आठला आम्ही निघालो. मालकांनी गाडी अशी चालवली की काय सांगू. खड्डा आला की आधी गाडी हळू, मग खड्डा. समोरून ट्रक आला की हात वर. अहमदपूरपर्यंत शिवशंकरचा चेहरा निवळत निवळत चालला होता. आरशात मला बघून एकदा हसलाही. अहमदपूर सोडलं, ऊन चढलं, रस्ता चढाला लागला आणि गाडीनं बोंबलायला सुरुवात केली.

पहिल्यांदा वास आला. कढई चुलीवर राहिली आणि तेल जळायला लागलं की येतो तसा. मग बोनेटच्या फटीतून पांढरा धूर. साक्षी जागी झाली. “आबा, आग लागली का?”

“न्हाई बाळा. हिला जरा ताप आलाय.”

“बाबा, बाजूला घ्या! बाजूला!” शिवशंकर ओरडला. त्याचा हात अर्धा स्टिअरिंगकडं गेलासुद्धा. पण मालकांनी आरशात बघितलं, मागच्या ट्रकला जाऊ दिलं आणि अलगद गाडी डावीकडं, एका लिंबाच्या झाडाखाली रसवंतीच्या शेजारी नेऊन लावली. इंजिन बंद केलं. आधी साक्षीला उतरवलं, मग मला, मग पापडाचा डबा. शेवटी स्वतः.

शिवशंकरनं गुरुपादप्पांना फोन केला. चाकूर तिथनं दहाएक किलोमीटर. पाऊण तासात अप्पा मोटारसायकलवर आले, पाठीला पिशवी.

“शरणार्थ काका. शरणार्थ काकू. माझ्या दारापर्यंत यायचा दम नव्हता होय हिच्यात?”

धूर थांबला होता. अप्पांनी इंजिन चालू केलं, तेल मोजायची दांडी ओढून काढली, नाकाजवळ नेली, मग आमच्यापुढं धरली. दांडीवर लाल तेल नव्हतं. गुलाबी फेस होता, बुडबुड्यांचा, खुणेच्या कितीतरी वर.

“बघा. ताक झालंय ताक. तेल जास्त झालं की आतले गिअर त्यात बुडतेत आन् रवीवानी घुसळतेत. फेसानं गिअर धरतंय का? धरत न्हाई. मग नुसतं इंजिन घुमतंय, तेल तापतंय, तापलं की फुगतंय, फुगलं की वरच्या नळीतून सायलेन्सरवर सांडतंय. तोच धूर.” त्यांनी दांडी फडक्यानं पुसली. “कोण टाकलं? किती?”

रसवंतीच्या चरकाची घुंगरं वाजत होती. मी मालकांकडं बघितलं. शिवशंकरनंही मालकांकडंच बघितलं.

“म्या टाकलं,” मालक म्हणाले. “अर्धा लिटर. गुरुवारी.”

“काका, अर्ध्यानं असं होत न्हाई. हे लई जास्त हाय.”

मालकांनी टोपी काढली, परत घातली. “मंग… परत टाकलं आसंल म्या. एक बाटली घरात सापडना. सिंधु म्हणलीच व्हती, तुम्हीच टाकली म्हणून.” मग खिशातून चावी काढली, शिवशंकरच्या हातात न देता गाडीच्या टपावर ठेवली, आणि पाय ओढत रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन बसले. साक्षी तिथंच चरकाजवळ उभी राहून ऊस आत कसा जातो ते बघत होती. आजोबा आलेले बघून विचारते कशी, “आबा, सोमवारपर्यंत होईल ना गाडी बरी? मी मैत्रिणींना सांगितलंय.”

त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

अप्पा नळीचा पंप लावून तेल ओढायला बसले. शिवशंकर माझ्याजवळ आला. “बघितलंस आई? दोनदा टाकलं. का तीनदा, देव जाणे. आज रस्त्यावर धूर निघाला, उद्या शाळेच्या दारात निघंल.” त्यानं टपावरची चावी उचलली. आवाज कडक होता, पण चावी अशी धरली होती जशी ती पोळत होती.

गप्प बसले असते तर बसले असते. चावी गेली असती, पोरगी बसनं गेली असती आणि उकिरडा काही बोलायला येत नाही. खोटं वाटेल, पण एक क्षण मला ते बरंही वाटलं. पण मला ती फळी दिसली. तिच्यावरून फिरणारा त्यांचा हात दिसला.

“शिवा, ते मी टाकलं.”

“काय?”

“तेल. शुक्रवारी. पूर्ण बाटली. मला वाटलं, त्यांनी टाकलंच न्हाई.”

शिवशंकर झाडाच्या बुंध्याकडं वळला, मग परत माझ्याकडं. चाळिशीला आलेला पोरगा, पण चेहरा लहानपणी शाळेची पाटी फोडून आला होता तेव्हाचा.

“आई… मी पण टाकलंय.”

“तू? कधी?”

“काल संध्याकाळी. तू भाकरी करत होतीस, बाबा साक्षीला वासरू दाखवत होते. अप्पांनी सांगितलं होतं म्हणून मी लातूरहून बाटली घेऊनच आलो होतो. अर्धी टाकली.”

“दांडी तरी बघायची.”

“अंधार होता. आणि बाबा कधी येतील काय माहीत. घाईत ओतली अन् झाकण लावलं.”

“बापाला विचारायचं की रे, टाकलं का म्हणून.”

“तू विचारलंस?”

मी पापडाचा डबा उन्हातनं सावलीत सरकवला.

“पोरांना शिकवतो,” तो कपाळाला हात लावून म्हणाला, “द्रव तापला की प्रसरण पावतो. परवाच शिकवलंय.”

अप्पा आमच्याकडं पाठ करून बसले होते, पण त्या पाठीला कान होते. पंपातलं तेल त्यांनी एका बाटलीत सोडलं, बाटली भरली. दुसरी अर्धी होत आली तेव्हा त्यांनी इंजिन चालू ठेवून परत दांडी बघितली आणि मान हलवली. “झालं बरोबर. सांडलं ते धरून दीड लिटर जास्त होतं.” मग मागं न बघताच म्हणाले, “काकूचं एक, साहेबाचं अर्धं. म्हणजे काकानं टाकलं ते अर्धंच, न् बरोबर टाकलं.”

अप्पांनी बाटलीचं झाकण लावलं.

“तेल जळालं न्हाई अजून, वासावरून सांगतो. वाचली गाडी. आता ते काय, काकाला सांगा.”

“अप्पा,” शिवशंकर हळू आवाजात म्हणाला, “सीलमुळंच झालं असं नाही का सांगता येणार? तुम्हीच सांगा त्यांना. म्हणजे कुणाचंच नाव नको यायला.”

अप्पांनी हात फडक्याला पुसले. “सील पाझरलं की तेल कमी होतंय साहेब. जास्त कसं होईल? तेवढं काकाला कळतंय. माझ्या जन्माआधीपासून गाड्या चालवून राहिलेत ते.” असं म्हणून ते पुन्हा इंजिनाच्या खाली डोकावायला गुडघ्यावर बसले, मान वर केली आणि तसेच थांबले. “हे कुणी लिहिलंय?”

आम्ही वाकलो. बोनेटच्या आतल्या बाजूला, वरती, पत्र्यावर खडूनं लिहिलं होतं. बोनेट उघडल्यावर वर कोण बघतो? सगळे खाली बघतात, तेलाकडं. मी बघितलं नव्हतं, शिवशंकरनं बघितलं नव्हतं. अक्षर मालकांचं, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं, मोठं मोठं आणि तिरपं. अप्पांनी मोठ्यानं वाचलं:

“गुरुवार. लाल तेल अर्धा लिटर टाकले. उरलेले अर्धे सीटखाली. दुसरी बाटली घरी फळीवर. सटवाजी, परत टाकू नको.”

शिवशंकरनं बोनेटच्या कडेला कपाळ टेकवलं. गरम असणार, पण टेकवलं.

मी मग तिथं थांबले नाही. बाकड्यावर मालकांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्यापुढं रसाचा ग्लास तसाच होता, माश्या बसत होत्या. मी ग्लासावर हात धरला.

“अहो, बाटल्या दोनच होत्या.”

ते माझ्याकडं बघायला लागले.

“एक तुम्ही अर्धी टाकली, ती. दुसरी फळीवर होती. ती मी शुक्रवारी गाडीत ओतली. सगळी. रिकामी बाटली उकिरड्यात आहे. मला माहीत नव्हतं दोन आणल्यात म्हणून.”

“दोन व्हत्या?”

“दोन.”

“मंग म्या फळीपुढं उभा राहून…”

“बरोबर ठिकाणी उभे होता. मी खोटं बोलले.”

एवढ्यात शिवशंकर आला, उभ्या उभ्याच एका दमात म्हणाला, “बाबा, अर्धी मी पण टाकलीय. काल. तुम्हाला न विचारता.” मालकांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग पलीकडं गाडीकडं. ओठ हलले. मला वाटलं, आता रागावतील, आणि रागवावं असंच मला वाटत होतं. पण ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं.

“आरं, तिघांनी मिळून पाजलं तिला! ती वकंल न्हाई तर काय करंल?”

अप्पा तिकडून हसले. रसवंतीवाली बाई हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. शिवशंकर तर डोळे पुसून हसायला लागला. माझंही हसू आवरेना. कितीतरी महिन्यांनी आम्ही असे हसत होतो, पाठीवरचं पोतं उतरल्यासारखे. “तुझ्या आईचं लोणचं न् गिअरबॉक्स एकच,” मालक म्हणाले, तर परत हसणं. “आन् हा मास्तर! लातुरातली पोरं याच्या भरवशावर डॉक्टर होऊन राहिलीत!”

“म्हणजे बाबा,” शिवशंकर म्हणाला, त्याचा चेहरा असा मोकळा झाला होता की बघवत नव्हतं, “तुमचं काहीच चुकलं नाही. एकही गोष्ट चुकली नाही. आम्हीच येडे. ही घ्या तुमची चावी.” त्यानं ती त्यांच्या मांडीवर ठेवली. “सोमवार पक्का. साक्षी तुमच्याच गाडीत.”

मी मान डोलावली. आम्हाला दोघांनाही तेच हवं होतं. तेलाचं कोडं सुटलं, त्याबरोबर बाकीचंही सुटलं असं समजून गाडीत बसायचं आणि लातूर गाठायचं.

मालकांचं हसणं हळूहळू थांबलं. त्यांनी मान वळवून साक्षीकडं बघितलं. ती चरकापलीकडं उभी होती, बाईनं तिच्या हातात उसाचं एक कांडं दिलं होतं आणि ती ते चरकात सारायला घाबरत होती. तिला आमचं ऐकू जाण्याजोगं नव्हतं.

“तेलाचं बरोबर निघालं,” मालक म्हणाले. “लई बरं वाटलं मला. खडूनं लिहिलेलंबी खोटं वाटाया लागलं व्हतं. शनिवारी तीनदा बोनेट उघडून वाचलं म्या. वाचायचं, न् सिंधु म्हणती ते खरं मानायचं.”

“अहो…”

“थांब. बोलू दे. आत्ता बोलाया येतंय, परत यील न यील.” चावी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, बोटांनी तिचे दाते चाचपत होते. “मंगळवारी लोह्याहून येत व्हतो. एकटाच. आपल्या फाट्यावर आलो न् थांबलो. डावीकडं का उजवीकडं, ठावंच न्हाई. सगळं वळखीचं दिसतंय, पण कुठं जायचं ते येईना. लई येळ गाडी चालू ठिवून बसलो. एक बाई शेळ्या घिऊन चालली व्हती. तिला इचारलं, बाई, सटवाजीचं गाव कोणतं.”

शिवशंकरच्या तोंडावरचं हसू गेलं. अप्पा पिशवीत पाने-पक्कड भरत होते, ते थांबले.

“तिनं दाखवलं. म्हणली, कोण पाहुणे तुम्ही?” मालकांनी रसाच्या ग्लासावरचा माझा हात बाजूला केला, चावी ग्लासाजवळ ठेवली आणि शिवशंकरकडं सरकवली.

“मी इसरून राहिलोय, शिवा. तुम्हाला ठावं हाय, मलाबी ठावं हाय. सोमवारी पोरीला माझ्या गाडीत बसवू नका.”